बापू कुटी : वास्तू, वापरणारे आणि त्यांचा कौल

सेवाग्रामविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यातील बराच भाग प्रवासवर्णन आणि चरित्र या दोन वाङ्मयप्रकारांत मोडतो. या दोन्ही प्रकारांत बापू कुटी बहुधा प्रतीक म्हणून अवतरते. सारवलेली जमीन, मातीची भिंत, कोपऱ्यातील चरखा एवढे तपशील आले की लेखकाचे काम भागते. 'साधी राहणी, उच्च विचारसरणी' हे वाक्य आपल्या विद्यार्थ्यांच्या निबंधवह्यांत ज्या सहजतेने उमटते, त्याच सहजतेने ते जाणत्यांच्या लेखनातही उमटते. प्रतीक झालेल्या वस्तूचा एक तोटा असा की, ती कशी वापरली जात होती हे विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गाची सहल घेऊन मी सेवाग्रामला गेले होते. कुटीत सगळे नेहमीप्रमाणे गप्प उभे होते. बाहेर पडताना आर्वीकडची एक विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "मॅडम, दिवसभर खाली बसून बापूंची पाठ नाही दुखत असन का?" बाकीच्या मुली हसल्या. मलाही त्या वेळी ते थोडे अप्रस्तुत वाटले. मात्र परतीच्या बसमध्ये ध्यानात आले की, त्या दिवशी कुटीकडे वास्तू म्हणून पाहणारी ती एकटीच होती. बाकी आम्ही सर्व जण एक पाठ वाचून आलो होतो. प्रस्तुत लेख हा तिच्या प्रश्नाला उशिरा दिलेल्या उत्तराचा प्रयत्न आहे.

ज्या शास्त्रात हा प्रश्न मोडतो, त्याला अर्गोनॉमिक्स असे नाव आहे. काम करणाऱ्याचे शरीर आणि कामाची जागा यांचा मेळ कसा बसतो, हा त्याचा विषय. हा शब्द पोलंडमधील वोइचेख यास्त्शेंबोव्स्की यांनी १८५७मध्ये प्रथम वापरला. पुढे १९४९च्या सुमारास ह्यूवेल मरेल यांनी इंग्लंडमध्ये तो नव्याने रुजवला. १९६०नंतर याच्या जोडीला वास्तुशास्त्रात आणखी एक विचार आला. इमारत चांगली की वाईट, हे बांधणाऱ्याने किंवा पाहणाऱ्याने ठरवायचे नाही. ती वापरणाऱ्यांना विचारायचे, आणि शक्य तर बांधण्यापूर्वीच विचारायचे. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही भूमिका परकी वाटू नये. संहितेचा अर्थ वाचकाच्या वाचनात घडतो, असे वाचककेंद्री समीक्षा जवळपास त्याच काळात म्हणू लागली होती. वाचकाच्या जागी राहणारा घातला, की वास्तूचीही तीच गोष्ट.

आता इतिहासाकडे वळू. १९३६मध्ये गांधीजी वर्ध्याहून सुमारे आठ किलोमीटरवरील शेगाव या खेड्यात राहायला आले. गावाची मालगुजारी जमनालाल बजाज यांच्याकडे होती. विदर्भातच दुसरे, संत गजानन महाराजांचे शेगाव असल्याने टपालाचा घोळ होई. म्हणून १९४०मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. मीराबेन गांधीजींच्या आधीच गावात राहू लागल्या होत्या. घर शंभर रुपयांच्या आत, गावच्या सामानातून आणि गावच्या मजुरांच्या हातून उभे राहावे, अशी गांधीजींची अट होती, असे आश्रमात आजही सांगितले जाते. आदि निवास ही पहिली वास्तू. सुरुवातीला तिच्या एकाच मोठ्या खोलीत गांधीजी, कस्तुरबा, प्यारेलाल, खान अब्दुल गफारखान आणि इतर मंडळी एकत्र राहत. तुकडोजी महाराजांचा मुक्कामही त्याच वर्षी तेथे झाला होता. (ग्रामगीतेत ग्रामशुद्धी आणि ग्रामनिर्माण यांना स्वतंत्र अध्याय मिळावेत, याची मुळे शोधताना हा मुक्काम विसरून चालणार नाही. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

आज जिला आपण बापू कुटी म्हणतो, ती मुळात मीराबेननी स्वतःच्या राहण्यासाठी आणि गावकऱ्यांना पिंजण-कताई शिकवण्यासाठी उभी केली होती. ही बाब चरित्रांत एका ओळीत उरकली जाते, पण माझ्या मते ती फार महत्त्वाची आहे. इंग्लंडमधील एका नौदल अधिकाऱ्याची ही मुलगी. तिने घराचा आराखडा परदेशातून आणला नाही, तर भोवतालच्या घरांकडे पाहून बेतला. बांबू, बल्ल्या, मातीचा गिलावा, वर कवेलू आणि भोवती ओसरी. भिंतीवर तिने मातीतच ताडाची झाडे, चरखा आणि ॐ उठवले. स्वतः राहून पाहिलेले हे घर पुढे गांधीजींकडे आले आणि गरजेप्रमाणे वाढत गेले. म्हणजे बांधणारी, वापरणारी आणि पारखणारी व्यक्ती येथे एकच होती. आराखडा एकाने काढायचा, बांधायचे दुसऱ्याने आणि राहायचे तिसऱ्याने, या आपल्या आजच्या सरकारी रिवाजाशी याची तुलना करून पाहावी.

आता त्या विद्यार्थिनीचा प्रश्न. कुटी हे घर होते तसेच ते कार्यालयही होते. देशभरातून येणारी पत्रे, 'हरिजन'चे लेखन, भेटीला येणारे पुढारी, खटल्यासारखे घेऊन येणारे गावकरी, या सगळ्यांचा निपटारा याच जागेत होई. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी संपर्कासाठी येथे दूरध्वनीही बसवून घेतला होता. त्याची खोपटी आजही पाहायला मिळते. अशा कार्यालयात टेबल-खुर्ची नाही. जमिनीवर चटई, पाठीला टेकू, समोर बुटके मेज आणि लागणारी प्रत्येक वस्तू बसल्या जागेवरून हात पोचेल एवढ्या अंतरावर. वस्तू थोड्या असल्यामुळे हे शक्य होते, असेही म्हणता येईल. अपरिग्रहाला अशी एक शारीरिक बाजूही असते.

पाठ दुखण्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र बैठकीत शोधून मिळणार नाही, ते दिनक्रमात शोधावे लागते. एकाच स्थितीत तासन्‌तास राहणे हे खुर्चीवर जितके वाईट, तितकेच चटईवरही वाईट. गांधीजींचा दिवस मात्र सारखा मोडत असे. सकाळ-संध्याकाळ फिरणे, प्रार्थनेसाठी बाहेर मोकळ्या जागेत जाणे, आजाऱ्यांकडे फेरी, मध्येच कताई. लिहिताना उजवा हात थकला की ते डाव्या हाताने लिहीत; १९०९मध्ये जहाजावर 'हिंद स्वराज्य' लिहितानाही त्यांनी असेच केले होते. लेखनाची सवय असलेल्या कोणाही अध्यापकाला याचे मोल कळेल. आमच्या पिढीतील कितीतरी जणांची मान उत्तरपत्रिकांनी धरली आहे. डाव्या हाताने गुण देता येतात का, हे अजून कोणी करून पाहिलेले नाही.

येथवरचे वर्णन कुटीच्या बाजूने झाले. परंतु वापरणाऱ्यांचा कौल घ्यायचा, तर तो एकाच वापरणाऱ्याचा घेऊन चालणार नाही. आश्रमात एक शरीर गांधीजींचे होते. बाकीची शरीरेही होती.

पहिले शरीर महादेवभाई देसाई यांचे. गांधीजी शेगावला आले, तरी महादेवभाईंचे बिऱ्हाड काही काळ वर्ध्याला मगनवाडीतच होते, कारण टपाल आणि तार वर्ध्याला येई. तेथील डाक घेऊन ते पायी शेगावला जात, दिवसभर काम करून पायीच परतत. एका फेरीचे साडेपाच मैल, दोहोंचे अकरा. कधी दिवसातून दोनदाही जाणे होई. वर्ध्याचा उन्हाळा ज्याने अनुभवला आहे, त्याला हे अंतर मैलांत सांगायची गरज नाही. पुढे त्यांचा रक्तदाब वाढला आणि प्रकृती ढासळली. या पायपिटीचा त्यात मोठा वाटा होता, असे त्यांचे पुत्र नारायण देसाई यांच्या लेखनातून दिसते. खेड्यात जाऊन राहण्याचा निर्णय नैतिक दृष्ट्या कितीही उजळ असला, तरी कार्यालयाची एक बाजू गावात आणि दुसरी शहरात ठेवल्याचा हिशेब चिटणिसाच्या शरीरावर मांडला गेला. पुढे महादेवभाईंसाठी सेवाग्रामातच कुटी झाली.

दुसरे शरीर कस्तुरबांचे. आदि निवासाच्या एका खोलीत सतत माणसांची वर्दळ. पुरुषांना कदाचित हा सहवास वाटला असेल. बांना मात्र कपडे बदलायला, आजारपणात पडून राहायला, नुसते एकटे बसायलाही आडोसा नव्हता. ही अडचण जमनालालजींच्या लक्षात आली आणि त्यांनी बांसाठी वेगळी लहानशी कुटी बांधून दिली. आश्रमाच्या नकाशावर बा कुटी ही बापू कुटीची जोडवास्तू म्हणून सहज बसते. प्रत्यक्षात ती आदि निवासाच्या रचनेवर एका वापरणारीने नोंदवलेला आक्षेप आहे. बांनी त्यावर काही लिहिले नाही. त्यांचा अभिप्राय आपल्याला भिंतींच्या रूपात वाचावा लागतो. स्त्रियांच्या आत्मकथनांचा अभ्यास करणाऱ्यांनी अशा मूक दस्तऐवजांकडेही वळावे, असे मला वाटते.

आणि खुद्द गांधीजींचेही शरीर. १९३६मध्ये त्यांना हिवताप झाला आणि वर्ध्याच्या सरकारी इस्पितळात हलवावे लागले. जागेने दिलेला हा स्पष्ट कौल होता. त्यानंतर गाव सोडण्याऐवजी गावची स्वच्छता आणि आरोग्य यांकडे अधिक लक्ष देणे हा मार्ग त्यांनी पत्करला. कुटीतच रुग्णासाठी वेगळी जागा आहे, तीही येथे लक्षात घ्यावी. घराचा विचार करताना आजारी माणसाचा विचार आधी करणारे वास्तुकार आजही थोडेच. पुढे कुष्ठरोगी संस्कृत पंडित परचुरे शास्त्री आश्रमात आले, तेव्हा त्यांच्यासाठीही कुटी उभी राहिली, आणि गांधीजी स्वतः त्यांना मालीश करू लागले. सारांश, सेवाग्रामची रचना एका आराखड्यातून न निघता अडचणींतून निघाली. प्रत्येक कुटीमागे कोणाची तरी एक गैरसोय आहे.

घरापुरतेच पाहून थांबलो, तर वर्ध्याचा खरा प्रयोग हातून निसटेल. हा प्रयोग अवजारांचा होता. १९२९मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी आज वाचताना थक्क व्हायला होते. चरखा हलका, सहज हलवता येणारा, खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने स्वाभाविकपणे चालवता येणारा असावा. स्त्रीला फार कष्ट न होता त्यावर सलग आठ तास काम करता यावे. आठ तासांत बारा ते वीस नंबरचे सोळा हजार वार सूत निघावे. किंमत दीडशे रुपयांपेक्षा अधिक नसावी आणि तो किमान वीस वर्षे टिकावा. अर्गोनॉमिक्स हा शब्द इंग्लंडमध्ये रुजण्याच्या वीस वर्षे आधी, यंत्राची कसोटी चालवणाऱ्या स्त्रीच्या थकव्यावर लावलेली येथे दिसते. बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

तथापि एक गोष्ट नोंदवली पाहिजे. अटींच्या या यादीत स्त्रीच्या शरीराला जागा आहे, तिच्या मताला नाही. चरखा तिला चालला की नाही हे वारांत, तासांत आणि रुपयांत मोजले जाणार होते. तिला तो कसा वाटला, हे विचारण्याचे कलम नाही. सहभाग आणि हितचिंतन यांतील अंतर येथे नेमके पकडता येते.

हे अंतर कमी करण्याचा एक वेगळा मार्ग विनोबांनी पत्करला. १९३५च्या सुमारास नालवाडीत त्यांनी केवळ कताईच्या मजुरीवर जगून पाहण्याचा प्रयोग केला. रोज आठ-नऊ तास कातायचे. कधी उजव्या हाताने, कधी डाव्या. आणि चरखा संघाच्या दराने जे पडेल त्यातच भागवायचे. निष्कर्ष कोणालाही कळण्यासारखा होता: हे भागत नाही. याच वर्षी कातणारणीला जगण्यापुरती मजुरी मिळावी असा आग्रह गांधीजींनी धरला आणि चरखा संघाने आपले धोरण बदलले. खादी त्यामुळे महागली, विक्रीची चिंता वाढली, कार्यकर्त्यांत वाद झाले. संशोधकाने कामगाराच्या जागी स्वतः बसून पाहणे ही पद्धत आज समाजशास्त्रात प्रतिष्ठित आहे. नालवाडीत ती व्रत म्हणून पाळली गेली, म्हणून आपण ती पद्धत म्हणून ओळखत नाही.

मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम १९३४नंतर जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली सुरू झाले आणि ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. पायाने चालणारा, दोन्ही हात मोकळे ठेवणारा मगन चरखा. रॉकेलऐवजी गोडेतेलावर जळणारा मगन दीप. मॉरिस फ्रिडमन ऊर्फ भारतानंद या पोलिश अभियंत्याने केलेली, कोणाही सुताराला साधेल अशी धनुष तकली, ही त्या काळातील काही अवजारे. (यास्त्शेंबोव्स्कीचा देशबांधव वर्ध्यात तकलीवर डोके चालवीत बसला होता, हा योगायोग मला नेहमी गंमतीचा वाटतो.) साहित्याच्या वाचकांसाठी आणखी एक. वर्ध्यात वास्तव्य असलेल्या काकासाहेब कालेलकरांनी पुरस्कारलेली 'अ'ची बाराखडी, म्हणजे इ-ईऐवजी अि-अी लिहिण्याची रीत, हीदेखील एका अर्थी श्रमसुलभतेची योजना होती. खिळे जुळवणाऱ्याच्या आणि टंकलेखन करणाऱ्याच्या हाताचे श्रम वाचावेत, हा तिचा हेतू. छापखान्याला ती सोयीची होती, पण वाचकाच्या डोळ्याने ती स्वीकारली नाही. वापरणारे दोन प्रकारचे असले आणि त्यांच्या सोयी परस्परविरोधी असल्या, तर कौल कोणाचा धरायचा, हा प्रश्न लिपीलाही चुकला नाही.

मगन चुलीची कथा तर आणखी बोलकी आहे. धूर धुराड्यावाटे बाहेर जाईल अशी ही चूल १९४०च्या दशकात मगनवाडीत तयार झाली. स्वयंपाकघर हे देशातील सर्वांत मोठे कामाचे ठिकाण आहे आणि तेथील कामगाराच्या डोळ्यांत दिवसातून दोनदा धूर जातो, हे ओळखून केलेली ही रचना. पुढे हैदराबादला एस. पी. राजू यांनी १९५३मध्ये याच दिशेने काम केले आणि १९८३पासून केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा कार्यक्रम देशभर राबवला गेला. २००२मध्ये तो थांबला. लक्षावधी चुली बसल्या आणि त्यांतील कितीतरी काही वर्षांत मोडल्या किंवा बायकांनी बदलून घेतल्या. कारणे शास्त्रीय ग्रंथांत आहेत, पण आमच्या खेड्यातील कोणतीही आजी ती दोन मिनिटांत सांगते. सरपण बारीक तोडावे लागते. मोठे भगुणे वैलावर बसत नाही. भाकर चुलीच्या तोंडाशी शेकायची, तर तोंड लहान. काजळीने कोंडलेले धुराडे कोणी साफ करायचे? आणि धूर गेला तर कवेलूंखालच्या बल्ल्यांना वाळवी लागते. हा शेवटचा मुद्दा एकाही आराखड्यात नसतो, कारण धुराचा उपयोग आराखडा काढणाऱ्याला ठाऊकच नसतो.

१९७६मध्ये देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले, ते या सगळ्या यशापयशाचे भान ठेवून. कुंभाराने चाकावर केलेल्या निमुळत्या कवेलूंची कमान रचून लाकडाशिवाय छप्पर उभे करण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. तिचे मोल मला असे वाटते की, येथे कुंभार वापरणारा नसला तरी घडवणारा म्हणून रचनेत सामील होतो. १९७८च्या जानेवारीत इव्हान इलिच सेवाग्रामला आले. बापू कुटीत बसून त्यांनी जो विचार केला, तो त्यांनी तेथील परिषदेतील भाषणात मांडला. माणूस जिथे जगतो ते घर आणि सामान ठेवण्यासाठी बांधलेली इमारत यांत त्यांनी केलेला भेद मार्मिक आहे. कुटीतील एकेका जागेचा त्यांनी घेतलेला मागोवा हा माझ्या मते या वास्तूचे आजवरचे उत्तम वाचन आहे. तरीही त्या वाचनात मीराबेन, बा आणि महादेवभाई माझ्या अपेक्षेइतके येत नाहीत. पाहुणा कितीही मोठा असला, तरी तो एका दुपारचा वापरणारा असतो.

आज कुटीत कोणी राहत नाही. तिची मातीची भिंत मात्र राहणाऱ्याच्या अपेक्षेने बांधलेली आहे. दरवर्षी सारवण, गिलावा, कवेलू फेरणे हे तिला लागतेच, आणि ते होतेही. कुटीचे मूल्यमापन आज करायचे झाले, तर त्या कामाला येणाऱ्या मजुरांना विचारावे लागेल. त्यांचे हात आजही त्या भिंतीला लागतात. आम्ही दोरीच्या अलीकडे उभे राहतो.

पुढच्या वर्षी सहल नेली, तेव्हा मी मुलींना एक काम दिले होते. कुटीविषयी काही लिहायचे नाही. ओसरीत परवानगी असेल तिथे अर्धा तास खाली बसायचे आणि मांडीवर वही ठेवून घरी पत्र लिहायचे. मार्चचा पहिला आठवडा होता. बाहेर उन्हाने डोळे दिपत होते, ओसरीत मात्र चांगलाच गारवा होता. दहा मिनिटांतच चुळबुळ सुरू झाली. कोणी भिंतीला टेकले, कोणी पाय पसरले, एकीने बूड टेकायला चप्पल ओढून घेतली. पत्रे मी वाचली नाहीत. कोण कसे बसले, एवढेच वहीत टिपून ठेवले आहे.